ऑइल कुठं जातं

गुरुवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला बेंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कारखान्याच्या गेटबाहेर कृष्णाजींनी स्टॉपची नॉब ओढली आणि ट्रकचं इंजिन बंद झालं नाही. चार सेकंद ते आपल्या मर्जीनं चालत राहिलं, मग अंग झाडून थांबलं. कृष्णाजींनी टोपी सारखी केली, ‘तापलंया जरा, धाकले मालक,’ म्हणाले आणि गेटवर चौकशीला उतरून गेले. शेजारी बसलेला विद्याधर उतरला नाही. नॉब ओढली की डिझेल तुटतं आणि डिझेल तुटलं की इंजिन थांबतं, एवढं त्याला ठाऊक होतं. तो भौतिकशास्त्राचा पदवीधर होता आणि ट्रकचं इंग्रजी पुस्तक त्यानं दोनदा वाचलं होतं. म्हणजे ते चार सेकंद इंजिन डिझेलवर चाललं नव्हतं. मग कशावर चाललं? जेवण तोडलेला माणूस आठवडाभर हिंडता-फिरता राहिला तर घरच्यांना आनंद होत नाही, भीती वाटते. तो लपून काय खातो याची.

भीतीचं आणि विद्याधरचं जुनं घरोब्याचं नातं होतं. ती आली की तो तिला बसायला पाट द्यायचा. महादेवपुऱ्याजवळच्या एका सरकारी टेलिफोन कारखान्यात एकोणीस वर्षं त्यानं कानांना हेडफोन लावून लाइनी जोडणाऱ्या रिलेची टिकटिक ऐकली होती. बरी टिकटिक डाव्या ट्रेमध्ये, वाईट उजव्या. मग टिकटिक न करणारी यंत्रं आली, आणि साहेबांनी बोलावून सांगितलं की कानाची आता गरज उरलेली नाही, तेव्हा कानासकट स्वेच्छेनं निवृत्त व्हावं. निरोपाला त्याला कारखान्यानं एक टेलिफोन दिला. तो लावायला लागणाऱ्या लाइनसाठी अर्ज करून आता तीन वर्षं होत आली होती. त्याच साली निपाणीला थोरला भाऊ दत्ता काविळीनं गेला, आणि दत्ताचा ट्रक, तेव्हाच पंधरा वर्षांचा, शालनवहिनींच्या नावावर झाला. ‘भावजी, तुम्ही घरीच असता, तिकडं बेंगळूरात गाडी बघा,’ वहिनी म्हणाल्या. घरीच असता हे त्यांनी लावून म्हटलं नसावं. गाडीबरोबर कृष्णाजी आले, वहिनींच्या मागच्या गल्लीतले, पंचावन्न वर्षांचे. ट्रक नवा होता तेव्हापासून त्यावर. दत्ताला ते अण्णा म्हणत. विद्याधरला ते ‘धाकले मालक’ म्हणत, थोरले जाऊन तीन वर्षं झाली तरी.

कृष्णाजी परत आले. जनरेटर सोमवारी भरायचे ठरले, नऊ टन, मंगळूर बंदराला, म्हणजे शिराडी घाटानं. विद्याधरनं पट्टी ओढून ऑइल बघितलं. भरपूर होतं. तेच तर वाईट होतं. गेले तीन महिने गाडी चढाला निळा धूर सोडत होती, आणि निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय असं पुस्तकातही होतं आणि रस्त्यावरचा पंक्चरवालाही तेच सांगत होता; पण इंजिनातलं ऑइल कमी होत नव्हतं. शिवाय आवाज. एक ठोका होता, टण्ण असा, अधूनमधून, तो कृष्णाजींनाही ऐकू यायचा आणि ते त्याला म्हातारपण म्हणायचे. दुसरा फक्त विद्याधरला ऐकू यायचा. गिअर बदलताना, पाय उचलून परत दाबला की, ठोक्याच्या आधी, कुणीतरी शेजारच्या खोलीत घोट घ्यावा तसा आवाज. गट्. मोठा नाही. दार लोटलेल्या खोलीत आजारी माणूस उठून तांब्यातलं पाणी पितो तेवढाच. याबद्दल त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. कारखान्यातला शेषगिरी नावाचा एक जण बंद रिलेतून आवाज येतात असं सांगू लागला होता, आणि त्याला आधी रजा मिळाली, मग सगळ्यांनी मिळून एक शाल.

परतीच्या वाटेवर सर्जापूर रोडच्या नाचणीच्या शेतांकडं बघत तो तो घोट ऐकत राहिला. लहानपणी निपाणीत गुंडोच्या पिठाच्या गिरणीत मोठं ऑइल इंजिन होतं. ज्वारीचा डबा घेऊन रांगेत उभं राहिलं की पट्ट्याचा फटफट आवाज पायांतून वर यायचा, आणि त्याला खात्री असायची की एक दिवस गुंडो ते बंद करायला जाईल आणि ते बंद होणार नाही. गुंडो आधी हसेल, मग हसणार नाही. मग पट्टा सुटेल आणि रांगेतल्या बायकांना सोडून नेमका त्याच्या मागं लागेल. दत्ता त्याच्या हातातला डबा घ्यायचा आणि सांगायचा, जा, बाहेर उभा राहा. आणि तो जायचा. आईला दोघांनी कधी सांगितलं नाही. विद्याधर बाहेर उभा राहण्यात तयार झाला तो तेव्हापासून. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी तो ट्रकच्या आत बसला होता आणि बाहेर उभं राहायला जागा नव्हती.

खरी भीती मात्र त्यानं अजून स्वतःलासुद्धा नीट दाखवली नव्हती. ती एका भांड्याची होती. या जुन्या ट्रकना एअर फिल्टर असतो तो ऑइलच्या भांड्याचा: इंजिन जी हवा ओढतं ती आधी भांड्यातल्या ऑइलवरून जाते, धूळ ऑइलमध्ये बसते, हवा पुढं जाते. भांड्याला अर्ध्यावर एक रेघ कोरलेली असते. हे काम कृष्णाजींचं होतं. पण खंडेनवमीला गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून पूजेला उभी केली तेव्हा विद्याधरनं ते आपल्याकडं घेतलं. पुस्तक वाचलेल्या माणसानं निदान एक तरी भांडं स्वतः घासावं. त्यानं ते रॉकेलनं लख्ख केलं, रेघेपर्यंत नवं ऑइल ओतलं, आणि कुंकवाचा करंडा घेऊन उभी असलेली त्याची बायको वासंती म्हणाली, ‘अहो, सणाच्या दिवशी भांडं अर्धं काय ठेवता? अवलक्षण.’ त्याच्या आईनंही हेच म्हटलं असतं. घरात खंडेनवमीला समई, कळशी, मिठाची बरणीसुद्धा काठोकाठ असायची. त्यानं काठापर्यंत भरलं. कृष्णाजी मागं हातात नारळ घेऊन उभे होते. ते काही बोलले नाहीत. आणि सणाला जे चांगलं ते शनिवारी वाईट कसं असेल, म्हणून पुढं दर शनिवारी तो तसंच भरत आला. दर शनिवारी भांडं निम्मं रिकामं मिळायचं. पुस्तकात स्पष्ट होतं की हे ऑइल खर्च होत नाही, फक्त मळतं. खर्च होत नाही आणि तरी कमी होतं, म्हणजे कोणीतरी नेतं. गाडीवर दोघंच. भौतिकशास्त्राची पदवी इथंपर्यंत त्याच्याबरोबर चालत आली होती.

गेल्या रविवारी एसटीडी बूथवरून त्यानं वहिनींना सांगितलं होतं, ऑइल जातंय, कुठं जातं कळत नाही. ‘कळत नाही कसं, भावजी? गाडी पिते की माणूस पितो?’ त्यानं थोडा वेळ काही म्हटलं नाही. असं गप्प राहणं तारेतून निपाणीपर्यंत स्वच्छ ऐकू जातं. ‘मंगळूरची खेप होऊ द्या,’ वहिनी म्हणाल्या, ‘मग बघू त्याचं काय ते.’ फोन ठेवल्यावर त्याला बरं वाटलं होतं. मग वाईट वाटलं. मग, वहिनींच्या मागच्या गल्लीतच कृष्णाजींचं घर आहे हे आठवून, भीती वाटली.

शुक्रवारी सकाळी गाडी मंजुनाथकडं न्यायची ठरली. होसकोटे रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं. मूळचा चिकोडीचा, मराठी आणि कन्नड एकाच श्वासात बोलायचा. निघण्याआधी विद्याधरनं भांडं उघडून बघितलं: निम्मं. त्यानं एक दिवस आधीच ते काठोकाठ भरून टाकलं. दुसऱ्याच्या दारात गाडी अर्ध्या भांड्यानं जायला नको, आणि कृष्णाजींची चोरी परक्या माणसापुढं उघडी पडायला नको. या दोन्हींतला त्याचा चांगुलपणा खरा होता, हे मुद्दाम नोंदवायला हवं, कारण पुढं ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

मंजुनाथनं गाडी पुढची चाकं चढावर घेऊन उभी करायला लावली आणि एक लांब लोखंडी गज घेतला. त्याचं एक टोक इंजिनला, एक कानाला. विद्याधरला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. मंजुनाथनं डिझेल फवारणाऱ्या एकेक नोझलचा नट सैल करून बघितला, कुठल्या सिलिंडरवर ठोका मरतो ते, कुठल्याच नाही. धुराच्या नळीपुढं पांढरा कागद धरला, त्यावर तेलाचे ठिपके आले. इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीवर तळहात धरला. त्यातून वाफ येत नव्हती.

‘विचित्र ऐतल्ला, विचित्र हाय की, सार,’ तो म्हणाला. ‘पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणाव्या तर इथून धूर पायजे. धूर न्हाई. पट्टी बघितली तर फुल्ल. मग जळतंय ते काय? तुमच्या घरचं खोबरेल?’

‘म्हणजे काय करायचं?’

‘हाफ इंजिन उघडतो. पोटात काय हाय ते पोट फाडल्याबिगर कसं कळणार?’ मग गज टेकवून ठेवता ठेवता त्यानं विचारलं, ‘एअर फिल्टर बघितलाय न्हवं?’

कृष्णाजी बोनेटच्या पलीकडं उभे होते. त्यांनी वर बघितलं.

‘तो दर शनिवारी होतो,’ विद्याधर म्हणाला. एकोणीस वर्षं तपासणीचे अहवाल लिहिल्यावर कुठलंही काम आपोआप झाल्यासारखं सांगायची सवय लागते. कमी होणाऱ्या ऑइलबद्दल तो बोलला नाही. घरातलं दुखणं डॉक्टरला सांगतात. घरातली चोरी मेकॅनिकला सांगत नाहीत.

‘मग बिडू, सोडा ते. शिकलेल्या माणसाची गाडी,’ मंजुनाथ म्हणाला. ‘कृष्णाजीअण्णा, स्वल्प, जरा रेस द्या. जोरात.’

कृष्णाजींनी केबिनच्या दारातून आत हात घालून रेस दिली. चढावर नाक वर करून उभी असलेली गाडी थरथरली, आणि विद्याधरला तो आवाज आला. गट्. मग परत. मग मधलं अंतर नाहीसं झालं आणि कुणीतरी तांब्या तोंडाला लावून गटागटा पिऊ लागलं. त्यानं मंजुनाथकडं बघितलं. मंजुनाथलाही तो ऐकू येत होता. एक क्षणभर, फक्त एक, विद्याधरला अतिशय आनंद झाला. मग आवाज चढला. कृष्णाजींनी हात काढून घेतला होता तरी चढला. मागून धूर आला तो आधी निळा, मग पांढरा, मग इतका की गॅरेजची मागची भिंत दिसेना. ‘बंद करा! निल्लिसरी!’ मंजुनाथ ओरडला. कृष्णाजींनी नॉब ओढली. इंजिनला त्याचं काही नव्हतं. मंजुनाथनं पाना घेऊन डिझेलची नळीच सोडली, डिझेल जमिनीवर सांडलं, आणि इंजिन त्याच्याशिवाय आणखी जोरात ओरडत वर गेलं. लोखंडाचा असा आवाज विद्याधरनं कधी ऐकला नव्हता. त्याच्या कानात कुठलाही ट्रे त्यासाठी नव्हता. फुटणार, असं कुणीतरी कन्नडमध्ये म्हणालं, आणि मग त्याला फक्त आपल्या चपला दिसल्या, आळीपाळीनं, फार वेगानं.

तो थांबला तेव्हा होसकोटे रस्ता ओलांडून पलीकडच्या शहाळेवाल्याच्या गाडीपाशी होता. रस्ता ओलांडल्याचं त्याला आठवत नव्हतं. शहाळेवाला कोयता हातात धरून त्याच्याकडं बघत होता. ‘येनायतु?’ त्यानं विचारलं. काय झालं. विद्याधरला सगळ्या भाषांतलं काहीच सुचेना. पलीकडं धुराचा ढीग होता आणि त्यातून तो आवाज, आणि त्याच्या मनात आलं की कृष्णाजी आत आहेत, आणि लगेच मनात आलं की आत आहेत ते कृष्णाजी आहेत, आपण नाही. दुसऱ्या विचाराला पहिल्यानंतर यायला वेळ लागला नाही. मग आवाज घुसमटला, दोनदा आचके दिले, आणि तुटला. रस्त्यावरची वाहनं परत ऐकू यायला लागली.

तो परत गेला तेव्हा कृष्णाजी मडगार्डवर बसून खोकत होते. पाण्याच्या टाकीत बुडवलेलं पोतं त्यांनी फिल्टरच्या तोंडावर दाबून धरलं होतं, श्वास कोंडून मारतात तसं. अर्धं पोतं आत ओढलं गेलं होतं. त्यांचा उजवा हात मनगटापासून वर भाजून लाल झाला होता आणि ते तो डाव्या हातानं पोरासारखा धरून बसले होते. मंजुनाथनं पोतं ओढून काढलं. त्यातून ऑइल निथळत होतं. त्यानं भांडं सोडवलं, खाली वाकून बघितलं, आणि आतल्या रेघेवरून बोट फिरवलं.

‘ह्यात रेघ कशाला असती?’ तो म्हणाला. ‘शोभेला? काठापर्यंत भरलंय की ह्यो! चढ आला, रेस दिली, की इंजिन हेच्यातलंच पिणार, न्हाई तर काय करणार! घाटात झालं असतं म्हणजे? नऊ टन मागं, आन् इंजिन ऐकत न्हाई?’ त्यानं वर बघितलं. ‘यारु तुंबिद्दु? कुणी भरलं हे?’

गॅरेजमधली चारपाच माणसं जमली होती. विद्याधरनं तोंड उघडलं. ते उघडलं होतं हे त्याला पक्कं आठवतं, कारण आत धूर गेला. तो तीन महिन्यांचे सगळे शनिवार एकदम बघत होता, रॉकेलचा वास, लख्ख भांडं, काठाशी थरथरणारं ऑइल. इंजिनातलं कमी होत नव्हतं, भांड्यातलं होत होतं. किती सोपं होतं. गाडी पीत होती. तो पाजत होता.

‘मी,’ कृष्णाजी म्हणाले.

‘अण्णा, तुम्ही? इतकी वर्षं गाडीवर हाय तुम्ही!’

‘चुकलं.’

‘खुळं का काय हो तुम्ही?’ मंजुनाथ म्हणाला आणि चारपाच माणसं हसली, भीती गेल्यावर हसतात तेवढ्या जोरात. विद्याधर हसला नाही. त्याला आपलाच आवाज ऐकू आला, शांत, अहवालातला: ‘पुढच्या वेळी रेघ बघून भरत जा, कृष्णाजी.’ ‘व्हय, धाकले मालक,’ कृष्णाजी म्हणाले.

मंजुनाथनं फिल्टर साफ करायला घेतला. इंजिन उघडायची गरज नव्हती, दोन दिवस धूर येईल, मग जाईल. कृष्णाजींनी हातावर नळाचं पाणी घेतलं आणि ओल्या हातानंच विद्याधरला जरा बाजूला नेलं.

‘मी बघितलं हुतं खंडेनवमीला,’ ते हळू म्हणाले. ‘तुमी पुस्तक वाचून करताय. मला वाटलं, नवीन पद्धत आसंल.’

‘कृष्णाजी, तुम्ही कशाला...’

‘ऐका की. मागच्या सोमवारी पोरीचा निरोप आला गावाकडनं. वैनी म्हणाल्या म्हनं, कृष्णाजी ऑइल इकतोय. सगळ्या गल्लीत झालंय.’ त्यांनी हाताकडं बघितलं. ‘आता सापडलं न्हवं ऑइल कुठं जातंय ते? तुमच्या नावावर कशाला? तुमचं नाव आलं तर वैनी म्हनतील, ड्रायव्हरला वाचवायला मालक बोलतोय. माझ्याच नावावर असू द्या. चोरापरास खुळा बरा. तेवढा फोन करा. आत्ताच करा.’

गॅरेजला लागूनच पिवळ्या पाटीचा बूथ होता. काचेच्या खोक्यात आत विद्याधर, बाहेर कृष्णाजी, ओला पंचा हाताला गुंडाळून. निपाणी लागायला चार वेळा फिरवावं लागलं. लाइनवर खरखर होती, अशी खरखर तो एके काळी उजव्या ट्रेमध्ये टाकत असे. वहिनी आल्या.

‘सापडलं, वहिनी. ऑइल चोरीला जात नव्हतं. फिल्टरचं भांडं जास्त भरलं जात होतं. गाडीच पीत होती.’

‘अगं बाई. कोण भरत होतं?’

काचेपलीकडं कृष्णाजी त्याच्या ओठांकडं बघत होते. विद्याधरला माहीत होतं की आता एकच शब्द म्हणायचा आहे, अगदी लहान, आणि तो म्हटला की वहिनी थोडा वेळ गप्प राहतील, आणि मग म्हणतील, बरं, भावजी, आणि गाडी निपाणीला परत जाईल, आणि तो परत घरीच असेल. तो घाबरला. यात कुठलंही गूढ नव्हतं.

‘कृष्णाजी,’ तो म्हणाला. ‘चुकून. चोर नाहीत हो ते.’

‘भावजी,’ वहिनी म्हणाल्या, ‘चोर असता तर एक वेळ ठेवला असता. चोर गाडी जपतो, त्याचं पोट असतं तिच्यावर. ह्याचं डोकं चालेनासं झालंय. उद्या घाटात माणसं मारील. ह्यांची गाडी आहे ती. सोमवारी नवा माणूस पाठवते, दावणगेऱ्याचा आहे. कृष्णाजीला तुम्हीच सांगा, माझ्यानं नाही होणार.’

‘वहिनी...’

‘काय?’

खरखर वाढली, कमी झाली. त्यांनी वाट बघितली. त्या चांगल्या बाई होत्या.

‘काही नाही,’ विद्याधर म्हणाला, आणि फोन ठेवला.

दार उघडलं तेव्हा बाहेर ऊन होतं आणि कृष्णाजी एक पाऊल पुढं आले.

‘काय म्हणाल्या?’

‘चोर नाही म्हणाल्या.’

कृष्णाजींनी डाव्या हातानं टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी परत घातली. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की विद्याधरला तो बघवेना, आणि दुसरीकडं बघायलाही भीती वाटली.

‘झालं मग,’ ते म्हणाले. ‘सोमवारी भरलं की रातीच निघतो. ऊन व्हायच्या आत घाट उतरलेला बरा.’

‘बरं,’ विद्याधर म्हणाला.